क्रूझवरच्या चित्रांच्या लिलावात भाग घ्यावा का? (भावजी फार उत्साहात आहेत)

रिकामी_भिंत :

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही दोघं, माझी थोरली बहीण आणि भावजी असे मायामीहून कॅरिबियन क्रूझला चाललोय. भाचा तिकडे असतो, बुकिंग त्यानेच केलंय. जहाजावरच्या कार्यक्रमांत 'आर्ट ऑक्शन, शॅम्पेन मोफत' असं छापलेलं दिसलं आणि भावजींनी घेतलं डोक्यात. त्यांचं गणित असं : समुद्रात टॅक्स नाही म्हणून चित्र स्वस्त, लिलाव म्हणून आणखी स्वस्त, आणि दहा वर्षांत दुप्पट. एलआयसीत असताना लोकांना हेच सांगून पॉलिसी विकायचे, त्यामुळे बोलण्यात वजन असतं.

खोटं कशाला बोला, मोह मलाही होतोय. आमची पार्ल्याची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली होती, दिवाळीत नव्या घराचा ताबा मिळाला. हॉलमध्ये सोफ्यामागची आठ फूट भिंत मोकळीच आहे. तिथे घड्याळ लावायचं नाही एवढं मी ठरवलंय.

नुसतं बघायला बसता येतं का? नाव नोंदवलं की काहीतरी घ्यावंच लागतं का? घेतलंच तर मुंबईला आणायचं कसं? आणि ते दुप्पट वगैरे खरं आहे का? शक्यतो जहाजावर गेलेल्यांनी उत्तर द्या. गूगल मीही केलंय.

खलाशी_काका :

बसा की खुशाल. आम्ही बारवाले त्याच हॉलमध्ये ट्रे फिरवायचो, त्यामुळे बघून बघून पाठ झालंय.

लिलाव ठेवतात तो 'सी डे'ला, म्हणजे जहाज बंदराला लागत नाही त्या दिवशी. लोकांना दुसरं काम नसतं. आधी तासभर चित्रं मांडून ठेवतात, तेव्हा फिरून बघायचं. नाव नोंदवलं की नंबराचा पुठ्ठा हातात मिळतो. त्याने काही घ्यायची सक्ती होत नाही. नाक खाजवलं म्हणून चित्र गळ्यात पडलं वगैरे सिनेमातल्या गोष्टी. पण पुठ्ठा वर केलात आणि हातोडा पडला की सौदा झाला. पैसे केबिनच्या खात्याला लागतात, ते शेवटच्या रात्री दिसतात.

आणखी एक. लिलाव चालवणारे जहाज कंपनीचे नसतात. एखाद्या गॅलरीचे असतात, जहाजाला विक्रीतला वाटा जातो आणि लिलाव करणाऱ्याला कमिशन. माणूस बोलायला गोड असतो, दुसऱ्या दिवशी नाश्त्याला भेटला तर नावाने हाक मारतो. शॅम्पेन म्हणजे बहुतेक वेळा साधी स्पार्कलिंग वाइन, पण थंडगार.

गिरगावचा_फ्रेमवाला :

ताई, मी जहाजावर गेलेलो नाही, म्हणजे तुमच्या अटीत बसत नाही. पण जहाजावरची चित्रं माझ्या दुकानात येतात. वडिलांपासूनचं फ्रेमिंगचं दुकान आहे, तेव्हा चित्र गुंडाळून पाठवतात त्या ट्यूबमधून काय निघतं ते सांगतो.

गिऱ्हाईक ट्यूब टेबलावर ठेवतं आणि आधी सर्टिफिकेट काढतं. सोनेरी शिक्का, जाड कागद. चित्र नंतर. मी कॅनव्हास उलगडतो, कोपऱ्यांवर वजनं ठेवतो आणि भिंग लावतो. बहुतेक वेळा भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात, निळे, गुलाबी, पिवळे. ही इंकजेट छपाई. भारी शाई, भारी कॅनव्हास, छपाई उत्तम, पण छपाईच. तिला ते जिक्ले म्हणतात. त्यावर 'हाताने रंगवलेलं' असा उल्लेख असतो. ते कसं, तर वरून पारदर्शक जेलचे ब्रशने फटकारे मारलेले असतात. बोट फिरवलं की खरखर लागते, तैलरंगाचा भास होतो. आडवा उजेड टाकून बघा. मागे एका बागेच्या चित्रात पानं सगळी डावीकडे झुकलेली आणि जेलचे फटकारे उजवीकडे गेलेले. फटकारणाऱ्याने खाली काय आहे ते पाहिलंच नव्हतं.

आता मुद्द्याचं. कोपऱ्यात पेन्सिलने १२५/५०० लिहिलेलं असतं. म्हणजे त्या चित्राच्या पाचशे प्रती, त्यातली ही एकशे पंचविसावी. शिवाय आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे चित्रकाराच्या वाट्याच्या म्हणून 'एपी' लिहिलेल्या वेगळ्या, आणि काही वेळा रोमन आकड्यांची आणखी एक मालिका. आता मला सांगा, एकाच चित्राच्या पाचशे प्रती असताना लिलाव कसला? लिलाव करायचा तो वस्तू एक आणि मागणारे दोन असतील तेव्हा. माझी गिऱ्हाइकं सांगतात की हातोडा पडल्यावर तो माणूस विचारतो, 'याच भावात आणखी कुणाला हवंय?' आणि चार हात वर होतात, चौघांनाही मिळतं. ज्या वस्तूसाठी आत्ता दोघं भांडत होते ती लगेच चौघांना मिळते, मग भांडण कशाचं होतं? बरं, भिंतीवर टांगलेली प्रत बऱ्याचदा तुमची नसतेच. तुमची नंतर गोदामातून येते.

'मूळ किंमत चार हजार डॉलर, बोली नऊशेपासून' असं सांगतात, त्यातले चार हजार कुणी ठरवले ते विचारा. विकणाऱ्याच गॅलरीने. सर्टिफिकेटही तिचंच. भर समुद्रात पलीकडच्या दुकानात जाऊन भाव काढायची सोय नाही.

डाली या स्पॅनिश चित्रकाराचं नाव ऐकून भुलू नका. त्याने उतारवयात कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या आणि पुढे त्यावर कुणी काय छापलं त्याला धरबंध राहिला नाही. त्याची दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' काव्यावरची मालिका खरीच आहे, १९६० च्या दशकातली, शंभर चित्रं, साडेतीन हजारांच्या आसपास लाकडी ठसे कोरून छापलेली. पण ती पुस्तकासाठी छापली होती. पुस्तकं उसवून सुटी पानं विकली जातात. पान खरं आहे, तेव्हा फसवणूक म्हणता येणार नाही. पण दुर्मिळही म्हणता येणार नाही.

छापील म्हणजे हलकं असं माझं मुळीच म्हणणं नाही. रविवर्म्याचा छापखाना मुंबईत १८९४ साली सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. त्या लक्ष्मी-सरस्वती दगडावरून छापलेल्या, एकेका रंगाला वेगळा दगड. जुन्या वाड्यातली, वरून जरी आणि टिकल्या चिकटवलेली अशी एखादी आजही दुकानात येते तेव्हा मी हात धुऊन घेतो. छापील आहे हे माहीत असून, छापील म्हणूनच लोक ती जपतात.

खरा लिलाव बघायचा तर मुंबईतच बघा. सॅफ्रनआर्ट, पंडोल, अस्तागुरू, सगळे इथलेच. लिलावाआधी चित्रं बघायला ठेवतात. आत जाताना आपल्या चपलांकडे बघायला होतं, ते सोडा. कॅटलॉगात प्रत्येक चित्राचा इतिहास छापलेला असतो, आधी कुणाकडे होतं, कुठल्या प्रदर्शनात लागलं, आणि अंदाजे किंमत इतकी ते इतकी. निकाल नंतर वेबसाइटवर कुणालाही दिसतात. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या लंडनच्या लिलाववाल्यांनी ताजमध्ये भारतातला पहिला लिलाव केला. गायतोंड्यांच्या १९७९ च्या चित्राचा अंदाज साडेसहा ते साडेआठ कोटी होता, गेलं २३ कोटी ७० लाखांना. गायतोंडे आमच्या गिरगावच्या चाळीत वाढलेले, त्यामुळे आमच्या गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. ते चित्र एकच होतं, म्हणून हात वर होत राहिले.

दुप्पट होण्याचं विचाराल तर परत विकायला नेणार कुठे? मुंबईतल्या लिलाववाल्यांना त्यात रस नाही. मला लोक विचारतात, 'तुमच्याकडे कुणी घेणारं आहे का?' आजवर कुणी भेटलेलं नाही.

ठाणेकरीण :

फ्रेमवाले दादा, मुद्दा मान्य, पण सगळंच जिक्ले नसतं हो. आम्ही अलास्काला गेलो होतो तेव्हा मी एक सेरिग्राफ घेतला. म्हणजे स्क्रीन प्रिंट, एकेका रंगाची वेगळी जाळी. रंगाचा थर बोटाला लागतो, तुमच्या भिंगाखाली ठिपके दिसणार नाहीत, पैज. मूळ हाताने काढलेली चित्रंही ठेवतात, फक्त ती महाग. मी घेताना एवढंच पाहिलं की हेच चित्र ठाण्याच्या दुकानात दिसलं असतं तर एवढे दिले असते का. दिले असते. घेतलं. ते पुढे कितीला जाईल याच्याशी मला काय करायचंय? माझ्या पैठणीचं कोणी विचारत नाही.

ताई, खरी मेख हातोड्यानंतर आहे. समजा बोली हजार डॉलरला सुटली. वर बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून लिलाववाले घेतात ती जादा रक्कम, तो धरा १५ टक्के, झाले ११५०. फ्रेम वेगळी, पाठवणं वेगळं, विमा वेगळा. आपलं कार्ड असेल तर परकीय चलनाचे साडेतीन टक्क्यांपर्यंत बँक घेते आणि त्या साडेतीनावर जीएसटी. हे सगळं मिळवून रुपयांत आकडा लिहायचा आणि पुठ्ठा उचलायच्या आधी तो बघायचा. आमच्या ह्यांनी तो जेवणाच्या टेबलावरच्या पेपर नॅपकिनवर लिहिला होता, आणि त्यामुळे दोन चित्रांची आम्ही नंतर चौकशीसुद्धा केली नाही.

परत करता येतं का, तेही आधीच विचारा. नियमांच्या बारीक अक्षरांत बहुतेक वेळा 'विक्री अंतिम' असतं. आणि वाद झालाच तर कुठल्या देशातल्या कोर्टात जायचं तेही तिथेच लिहिलेलं असतं. ते कोर्ट वांद्र्याला नसतं.

एक चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवतात आणि न बघता बोली लावायला सांगतात, मजा म्हणून. तेव्हा सरळ कॉफी आणायला जा.

रिकामी_भिंत :

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! फ्रेमवाले दादा, अट मागे घेते. :) भावजींचा एक प्रश्न अजून उभा आहे. समुद्रात टॅक्स नाही, मग इथे कशाचा?

सहार_कार्गो :

कस्टम्स क्लिअरिंगचं काम करतो, म्हणून लिहितो. समुद्रात नसेल, पण माल भारतात उतरला की आपला कायदा लागू. चित्र मागाहून कुरियरने आलं तर ते तुमचं सामान धरत नाहीत, आयात म्हणून धरतात. कुरियर कंपनी केवायसी मागते, बिलाच्या रकमेत भाडं-विमा मिळवून ड्युटी लावतात, ती भरल्यावर पार्सल सुटतं. भरणारे तुम्ही. जहाजावर घेतलेल्या पैशांत ती नसते.

गंमत सांगतो. कस्टम्सच्या टॅरिफमध्ये ९७ वं प्रकरण कलाकृतींचं. हाताने काढलेलं चित्र ९७०१ मध्ये, आणि त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. मूळ एन्ग्रेव्हिंग, लिथोग्राफ वगैरे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर किंवा दगडावर काढून छापलेली चित्रं, ९७०२ मध्ये. पण तिथे टीप आहे : ठसा कलावंताने स्वतः हाताने केलेला हवा, यांत्रिक किंवा फोटो-यांत्रिक पद्धत चालणार नाही. म्हणजे इंकजेट प्रिंट तिथे बसतच नाही, ते ४९ व्या प्रकरणात, कॅलेंडर आणि छापील चित्रांच्या रांगेत. सर्टिफिकेटवर काहीही लिहिलेलं असो.

दुसरं, ट्यूबमध्ये ते चार हजारांचं मूल्यांकन ठेवलेलं असतं आणि बिल असतं नऊशेचं. अधिकारी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारतो, 'खरं कुठलं?' मग पैसे भरल्याची पावती, ईमेल, खुलासा. पार्सल तोवर तिथेच. मूल्यांकन वेगळं ईमेलने मागवा. आणि फ्रेम तिकडे करू नका. लाकडी क्रेट आलं तर त्यावर आयएसपीएम-१५ चा शिक्का लागतो, कीड मारल्याचा. तो नसला की आणखी एक फेरा.

गिरगावचा_फ्रेमवाला :

सहारवाल्यांचं ९७०२ चं मला ठाऊक नव्हतं. छापून दुकानात लावतो.

ठाणेकरीण ताई, सेरिग्राफची पैज मी हरलो, मान्य. एकदा आणा दुकानात. मागे साधा पुठ्ठा असेल तर बदलून देतो, अॅसिड-फ्री लावू, नाहीतर आपल्या पावसाळ्यात पिवळे डाग पडतील.

रिकामी_भिंत ताई, ट्यूबमधून मागवलंत तर चारही कडांना दोन-दोन इंच कोरा कॅनव्हास सोडलाय का हे लेखी विचारून घ्या. नसेल तर स्ट्रेचरवर, म्हणजे मागच्या लाकडी चौकटीवर, ताणता येत नाही, चित्रच कडेला दुमडावं लागतं आणि सही आत जाते. त्याआधी जहांगीर आर्ट गॅलरीला एक चक्कर मारा. चित्रकार तिथे स्वतः बसलेला असतो, त्याला विचारता येतं किती प्रती काढल्या. जे. जे. कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात मुलांची एचिंग, वुडकट, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून आणि लाकडावरून छापलेली चित्रं, विकायला असतात. ठसा त्यांनीच कोरलेला.

रिकामी_भिंत :

सगळं भावजींना वाचून दाखवलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'म्हणजे शॅम्पेन खरंच मोफत आहे ना?' बहिणीचा चेहरा बघण्यासारखा होता.

खलाशी_काका :

मोफत आहे, पण भरणारा ग्लास रिकामा होऊ देत नाही, तेवढं धोरण ठेवा. बहिणीला सांगा, पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन भावजींच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालून घे. बरेच जण पोरांसाठी घालतात, नवऱ्यांसाठी घालणाऱ्याही असतात. दुपारी जा, संध्याकाळी तिथे रांग असते.