मदत हवी आहे : जर्नलने पेपर छापलाय, मागे घेऊ देत नाहीत (तातडीचे)

खाडीकाठ | रात्री ११.४२
नमस्कार. डोकं बधिर झालंय, म्हणून थेट विचारते. एका जर्नलने माझा पेपर छापलाय आणि आता काढायला तयार नाहीत. काढायचा असेल तर १५० डॉलर भरा म्हणतात. पुढच्या महिन्यात पीएचडीचं प्री-सिनॉप्सिस (प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण) आहे. पैसे भरून मोकळी होऊ का? अनुभव असेल त्यांनी प्लीज लवकर सांगा.

अंधेरी_स्लो | रात्री ११.५८
कुठलं जर्नल? विषय काय? पेपर तुम्हीच पाठवला ना, मग काढायचा कशाला? काहीच कळत नाहीये.

सुहास_के | रात्री १२.१५
प्लॅजरिझम (दुसरीकडचा मजकूर उचलणं) किती टक्के आलंय? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत काही होत नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा, ४० ते ६० ला वर्षभर थांबायचं, ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची वगळून रिपोर्ट काढायला सांगा, आकडा खाली येतो.

जुना_ग्रंथपाल | सकाळी ६.५०
ताई, आधी तीन गोष्टी सांगा. कॉपीराइटच्या फॉर्मवर सही केलीत का? छपाईची फी भरलीत का? पेपरला डीओआय नंबर (ऑनलाइन लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) पडलाय का? तोवर एक रुपयाही पाठवू नका. आमच्या कॉलेजातल्या एका मॅडमनी असेच पैसे भरले होते. आठवड्याने 'प्रोसेसिंग'चे आणखी मागितले आणि पेपर होता तिथेच राहिला.

खाडीकाठ | सकाळी ९.२०
प्लॅजरिझमचा प्रश्नच नाही, सगळं माझं काम आहे. ठाणे खाडीच्या गाळातले जड धातू हा विषय. भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूने ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून दोन वर्षं नमुने घेतलेत. डब्यांवरची मार्करने लिहिलेली तारीख पुसली जाते म्हणून प्रत्येक डबीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकायचे.

सही केलेली नाही, फी भरलेली नाही, डीओआय दिसत नाही. झालं असं की व्हॉट्सॲपवर 'यूजीसी केअर लिस्टेड, ५ दिवसांत पब्लिकेशन' असा मेसेज आला, म्हणजे जर्नल यूजीसीच्या मान्य यादीतलं. कॉलेजात पेपरचं विचारत होते, घाबरून पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ॲक्सेप्टन्स! रिव्ह्यू एका ओळीचा, 'पेपर चांगला आहे, फी भरावी.' तेव्हाच पोटात गोळा आला. लगेच नको म्हणून मेल केला. तरी छापला. आणि लेखकांत माझं नाव, माझ्या गाइड सरांचं नाव आणि तिसरं एक नाव आहे. परराज्यातल्या कुठल्याशा कॉलेजातले आहेत, मी ते नाव जन्मात ऐकलेलं नाही.

जुना_ग्रंथपाल | सकाळी ९.४१
अहो, मुख्य गोष्ट ही आहे आणि ती तुम्ही आत्ता सांगताय! तुम्ही पैसे न भरता पेपर का छापला, याचं उत्तर बहुधा त्या तिसऱ्या नावात आहे. लेखकाच्या जागा विकायचा धंदा चालतो. तुमच्या दोन वर्षांच्या चिखलावर कुणीतरी प्रमोशनचे गुण घेणार.

आणि 'केअर लिस्टेड' म्हणे. ती यादी २०१९ पासून होती, यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्याचं जाहीर केलं. आयएसएसएन नंबर बघूनही हुरळून जाऊ नका. तो नियतकालिकाची ओळख पटवतो, दर्जा नाही.

अंधेरी_स्लो | सकाळी १०.०५
पण मुळात पेपर लागतोच कुठे? २०२२ च्या पीएचडी नियमांत यूजीसीने ती सक्ती काढली. सरळ प्रबंध सबमिट करा.

सुहास_के | सकाळी १०.११
यूजीसीने काढली, पण विद्यापीठं आपापली अट ठेवू शकतात. माझ्या बहिणीला गेल्या वर्षी मागितला. उगाच कुणाला भरवशावर ठेवू नका.

अंधेरी_स्लो | सकाळी १०.१४
अट ठेवली असेल तर ती लेखी दाखवायला सांगा ना. सगळे तोंडी ऐकून घाबरतात आणि मग असल्या जर्नलांचं फावतं.

बिनधास्त_बोरिवली | सकाळी ११.३०
एवढं कशाला वाढवताय? शीर्षक बदला, गोषवारा फिरवा, दोन आकृत्या नव्या टाका आणि चांगल्या जर्नलला पाठवून द्या. ते भुरटं जर्नल कोण वाचतंय? मी स्वतः केलंय, काही झालं नाही.

जुना_ग्रंथपाल | सकाळी ११.३८
हा सल्ला पोरीचं करिअर बुडवेल. बरीच जर्नलं आलेला पेपर आधी सॉफ्टवेअरमधून काढतात, जुना मजकूर सापडतो. मग तिचाच पेपर तिच्यावर चोरी म्हणून शेकेल, वर त्या तिसऱ्या माणसाची चोरी केली असंही दिसेल. आपलंच छापलेलं न सांगता पुन्हा छापणं चालणार नाही, हे यूजीसीने २०२० मध्ये वेगळी नोटीस काढून सांगितलंय.

बिनधास्त_बोरिवली | सकाळी ११.४४
नियम सगळे विद्यार्थ्यांनाच. खाली नाव घालणाऱ्यांना कोण विचारतो?

ऐरोलीची_सून | दुपारी १२.२०
विषयांतर होतंय, माफ करा. पण धातू किती निघाले हो? आमच्याकडे खाडीतल्या निवट्या आवडीने खातात. मुलांना द्याव्यात का?

खाडीकाठ | दुपारी १२.३२
ताई, मी फक्त गाळ तपासलाय, मासे नाही. गाळावरून निवट्यांबद्दल बोलणं चुकीचं होईल.

मिठागर | दुपारी १.०५
मी एका विज्ञान जर्नलच्या संपादन मंडळावर काम करते. खाडीकाठ, एक विचारते, राग मानू नका. हा पेपर आत्ता आणखी कुठे रिव्ह्यूला आहे का?

खाडीकाठ | दुपारी २.५०
हो. चार महिन्यांपूर्वी एका चांगल्या जर्नलला पाठवलाय. तिथून काहीच कळेना, इकडे तारीख जवळ येत होती. दुसरीकडे पाठवलाय हे त्यांना कळवण्यासारखं वाटलं नाही. खरं तर कळवायची लाज वाटली. सरांनाही या दुसऱ्या जर्नलचं माहीत नाही.

मिठागर | दुपारी ३.२०
मग तुमचा पहिला मेल त्या भुरट्यांना जायला नको. आधी सरांना सांगा, आजच. त्यांचं नाव त्यांच्या नकळत छापलं गेलंय. मग चांगल्या जर्नलच्या संपादकांना. एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणं ही तुमची चूक आहे, ती पहिल्याच परिच्छेदात मान्य करा. मग तारखांनिशी लिहा. कधी पाठवला, कधी नको म्हणून कळवलं, कधी छापला. तिसऱ्या लेखकाचा कामाशी संबंध नाही, हेही लिहा. वैद्यकीय संपादकांच्या आयसीएमजेई समितीचे लेखकत्वाचे चार निकष आमच्याकडेही लावतो. कामात भरीव वाटा, लेखनात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही हवेत. त्या माणसाकडे एकही नाही.

संपादक पेपर थांबवतील, कदाचित परतही करतील. पण लेखकाने स्वतः कळवलेलं आणि आम्ही पकडलेलं, यात टेबलावर फार फरक पडतो. मी दोन्ही पाहिलंय.

फोर्टची_वकील | दुपारी ४.०२
कायद्याचं माझ्याकडून. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ बघा. लेखी आणि सही केलेलं नसेल तर हक्क हस्तांतरित होत नाही. तुम्ही सही केलेली नाही आणि नको म्हणून कळवलंत, म्हणजे पेपरवरचा हक्क तुमचाच. मेलमध्ये एवढंच लिहा: 'मी हक्क दिलेला नाही, अमुक तारखेला पेपर मागे घेतला होता, तिसऱ्या व्यक्तीचे नाव माझ्या संमतीशिवाय घातले आहे, सात दिवसांत पेपर काढावा.' पैशांचा उल्लेखही नको, विनवणी तर नकोच.

जुना_ग्रंथपाल | दुपारी ४.१५
हैदराबादच्या ओमिक्स या जर्नल छापणाऱ्या कंपनीविरुद्ध अमेरिकेत खटला झाला, त्यात हेच आरोप होते. फी आधी न सांगणं, पेपर मागे घेऊ न देणं. २०१९ मध्ये कोर्टाने ५ कोटी १ लाख डॉलर भरायचा आदेश दिला.

सुहास_के | दुपारी ४.३०
दादरला प्रबंधाचं बाइंडिंग चांगलं कुठे होतं, कुणी सांगेल का? वेगळा धागा काढत नाही.

खाडीकाठ | दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ७.१०
सरांना सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, नमुन्यांची वही आण. वहीतल्या तारखा समोर ठेवून दोघांनी मिळून संपादकांना मेल लिहिला, ४.२० ला गेला. तासाभरात उत्तर आलं. पेपर तूर्त थांबवलाय, दोघांच्या सहीचं पत्र आणि मूळ नोंदी मागितल्यात. सर म्हणाले, प्री-सिनॉप्सिस पुढे ढकलायचा अर्ज ते स्वतः देतील.

दुसऱ्या जर्नलला वकील ताईंच्या शब्दांत मेल केला. तो परत आला, पत्ताच अस्तित्वात नाही म्हणे. आता?

फोर्टची_वकील | संध्याकाळी ७.२५
परत आलेला मेल उडवू नका, तो पुरावा आहे. वेबसाइटवर टपालाचा पत्ता असेल तर तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा.

खाडीकाठ | संध्याकाळी ७.२८
पत्त्याच्या जागी फक्त 'इंडिया' लिहिलंय.

फोर्टची_वकील | संध्याकाळी ७.३१
त्या पानाचा आणि तुमच्या पेपरच्या पानाचा स्क्रीनशॉट आत्ताच काढा, तारीख-वेळ दिसेल असा. उद्या पान बदललेलं असेल.