शीहू सरोवराचे ऋतू : तुम्ही कोणत्या महिन्यात गेलात आणि काय पाहिलेत?

चीनच्या झेजियांग प्रांताची राजधानी असलेल्या हांगझोऊ शहराला खेटून शीहू सरोवर आहे. त्याच्या तीन बाजूंना डोंगर आहेत आणि चौथ्या बाजूला थेट शहर. साधारण साडेसहा चौरस किलोमीटरच्या या पाण्याची सरासरी खोली जेमतेम सव्वादोन मीटर भरते. मुळात हा खाडीपासून गाळाने तुटून वेगळा पडलेला पाणथळ भाग. तो आजवर टिकला, तो दर काही पिढ्यांनी कोणी ना कोणी त्यातला गाळ उपसत राहिल्यामुळे. २०११ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, तोही केवळ निसर्गस्थळ म्हणून नव्हे, तर सांस्कृतिक भूप्रदेश म्हणून.

येथील दहा प्रसिद्ध दृश्यांची यादी दक्षिण सोंग राजवटीपासून चालत आलेली आहे आणि त्यांतील बरीचशी दृश्ये ऋतूंशी किंवा प्रहरांशी बांधलेली आहेत. उन्हातल्या शीहूपेक्षा पावसातला सरस, पावसातल्यापेक्षा चांदण्यातला आणि चांदण्यातल्यापेक्षा बर्फातला, असे तिकडे म्हटले जाते. शांघायहून वेगवान रेल्वेने सुमारे तासाभरात पोहोचता येत असल्यामुळे आपल्यापैकी अनेक जण एखाद्या रविवारी जाऊन, नावेत बसून, छायाचित्रे काढून परत येतात. या धाग्यात तेवढेच नको आहे. आपण कोणत्या महिन्यात गेलात, त्या महिन्याचे म्हणून तेथे काय होते आणि वरची क्रमवारी आपल्याला पटते का, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

पतीच्या नोकरीमुळे हांगझोऊमध्ये राहिलेल्या एक वाचक लिहितात

माझे मत वसंताच्या बाजूने आहे, पण सगळ्या वसंताच्या बाजूने नाही. मार्चच्या अखेरीस सू बांधावर एक विलो आणि एक पीच अशा क्रमाने लावलेली झाडे एकाच वेळी जागी होतात. विलोची पालवी हिरव्यापेक्षा पिवळीच अधिक दिसते आणि तिच्या मधूनमधून पीचचा गुलाबी रंग येतो. हा जवळपास २.८ किलोमीटर लांबीचा, सहा कमानदार पुलांचा बांध सू दोंगपो या कवीने येथील प्रशासक असताना, १०९० च्या सुमारास, सरोवरातून उपसलेल्या गाळाचाच घातला. काढलेला गाळ टाकायचा कुठे, या प्रश्नातून वाट निघाली आणि पुढच्या काळात तीच वाट पहिल्या क्रमांकाचे दृश्य ठरली. मात्र छिंगमिंगची, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाची सुट्टी ४ किंवा ५ एप्रिलला येते आणि त्या दिवसांत बांधावर चालणे म्हणजे समोरच्याच्या पाठीकडे पाहत पुढे सरकणे असते.

तेव्हा त्या दिवसांत आम्ही सरोवराकडे पाठ फिरवून पश्चिमेच्या डोंगरांत, लोंगजिंग आणि मेइजियावू या चहाच्या गावांकडे जात असू. छिंगमिंगपूर्वी खुडलेल्या चहाला सर्वाधिक भाव असतो. नंतर एकेका आठवड्याने तो उतरत जातो. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उतारावरच्या ओळींमध्ये कमरेला टोपली बांधलेल्या बायका पहाटेपासून दिसतात आणि त्यांतील पुष्कळ जणी केवळ या हंगामापुरत्या बाहेरगावांहून आलेल्या असतात. खुडायची ती फक्त कोवळी कळी आणि तिच्यालगतचे एखाद-दुसरे पान.

मला सर्वांत पाहण्यासारखे वाटले ते भाजणे. घराच्या दारातच विजेवर तापणारी खोलगट लोखंडी कढई असते आणि घरचा जाणता माणूस उघड्या तळहाताने पाने कढईच्या अंगाला दाबतो, वर ओढतो, उलटवतो आणि पुन्हा दाबतो. चहाची पाने चपटी होतात ती या दाबण्यामुळे. एकदा भाजून पाने निवू देतात आणि मग दुसऱ्यांदा कढईत घालतात. त्या वेळी घरभर भाजलेल्या हरभऱ्यासारखा वास सुटतो. आम्ही ज्यांच्याकडे बसत असू त्या आजींनी माझा हात धरून कढईपासून वीतभर उंचीवर नेला होता. तेथेच चटका जाणवत होता आणि त्यांचे यजमान तर त्या कढईत हात घालून गप्पा मारत होते. चहा उंच काचेच्या पेल्यात, उकळी बसलेल्या पाण्यात करतात. पाने आधी तरंगतात, मग उभी राहतात आणि सावकाश तळाशी जातात. दूध-साखरेचा विषय काढू नये.

एक सूचना मात्र करते. सरोवराच्या रस्त्यावर थांबवून ‘आमच्या घरचाच चहा आहे’ असे सांगत नेणारे लोक हंगामात भेटतात. गावात स्वतः चालत जावे, प्यावे आणि मगच घ्यावे.

निंगबो येथे वैद्यकीय शिक्षण घेतलेला एक वाचक

मे महिन्याबद्दल कोणी लिहिणार नाही असे वाटल्याने थोडेसे. तेव्हा फुले संपलेली असतात, उकाडा सुरू झालेला नसतो आणि मँडरिन बदकांची पिल्ले बाहेर पडतात. ही बदके झाडांच्या ढोलीत अंडी घालतात आणि पिल्लांना उडता येत नसतानाही ती उंचावरून खाली उड्या टाकून आईमागे पाण्याकडे पळतात. उत्तरेकडील काठावर स्वयंसेवक त्यांच्यावर लक्ष ठेवून असतात आणि लांब भिंगांचे कॅमेरे घेतलेली निवृत्त मंडळी पहाटेपासून ठाण मांडून बसतात. चीनमध्ये ही जोडी दांपत्यप्रेमाचे प्रतीक मानतात. प्रत्यक्षात नर अंडी उबण्याच्या आधीच निघून जातो, ही माहिती मला त्या आजोबांपैकीच एकाने हसत हसत दिली.

शाओशिंगजवळच्या खच्याओ कापडबाजारात व्यवसायानिमित्त ये-जा असणारे, मूळचे इचलकरंजीचे वाचक

जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत तिकडे मेइयू, म्हणजे आलुबुखारासारखी फळे पिकण्याच्या दिवसांतला पाऊस असतो. आपल्याकडचा पाऊस कोसळतो, थांबतो आणि पुन्हा कोसळतो. हा मात्र दिवसच्या दिवस नुसता झिरपत राहतो. कापडाच्या धंद्यातील माणसाला तो नकोसाच वाटतो, कारण गाठींना दमट वास लागतो आणि चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते. तरीही त्या क्रमवारीतील पावसाच्या जागेबद्दल मला काही बोलायचे आहे. पावसात डोंगरांच्या एकामागे एक असलेल्या रांगा वेगवेगळ्या दिसू लागतात, जवळची गडद आणि लांबची फिकट. उन्हात त्याच रांगा एकच हिरवी भिंत होऊन उभ्या असतात. शिवाय गर्दी निम्म्याने कमी होते, हे मी गुणातच धरतो.

पांढऱ्या नागिणीची दंतकथाही पावसातलीच. तरुण शू शियान याने ‘तुटका पूल’ असे नाव असलेल्या पुलापाशी बाय सुझेन हिला छत्री दिली, पुढे लग्न झाले, ती नागीण असल्याचे फाहाय नावाच्या भिक्षूने उघड केले आणि तिला लेइफेंग मनोऱ्याखाली कोंडले. दहाव्या शतकातील हा मनोरा १९२४ मध्ये खरोखरच कोसळला. त्याच्या विटा शुभ मानून लोक वर्षानुवर्षे काढून नेत होते, हे त्याचे एक मोठे कारण. २००२ मध्ये त्याच जागी नवा मनोरा उभा राहिला असून त्यात सरकते जिने आणि लिफ्ट आहे. काहींना ते खटकते. माझ्या आईला गुडघ्यांचा त्रास असल्याने मला खटकले नाही. तळमजल्यावर जुन्या मनोऱ्याचा ढिगारा काचेआड जपला आहे आणि माझ्या मते पाहण्याजोगे तेच अधिक आहे.

जुलैमध्ये पाऊस सरला की कमळे येतात. ती बाय नावाच्या दुसऱ्या बांधाच्या बाजूला आणि वायव्येकडच्या छ्युयुआन बागेत भरपूर आहेत, पण त्यांना ठरावीक पट्टे आखून दिलेले आहेत. मोकळे सोडले तर उथळ पाण्यात ती सगळीकडे पसरतील. ही काळजी जुनीच आहे. सू दोंगपोने काठालगतच्या पाण्यात लोकांना शिंगाड्याची लागवड करू दिली, कारण शिंगाडा लावायचा तर आधी तण काढावे लागते आणि त्यातून सरोवराची आपोआप साफसफाई होते. पण मधल्या पाण्यात लागवड होऊ नये म्हणून हद्द दाखवणारे तीन दगडी स्तंभ त्याने उभारले. आज एक युआनच्या नोटेमागे ज्या तीन स्तंभांचे चित्र आहे, ते त्यांचेच मिंग काळातील वारस. शिंगाडे आणि कमळकाकडी या दोन्ही ओळखीच्या वस्तू असल्यामुळे मला ही हकीकत फार आवडली. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी सकाळी सहाच्या आत पोहोचावे. नऊनंतर पारा ३५ अंशांच्या पुढे जातो आणि कमळेही मिटू लागतात.

आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याहून गेलेल्या एक वाचक

आम्ही २०२३ च्या सप्टेंबर अखेरीस तेथे होतो. २९ सप्टेंबरला त्यांचा मध्यशरद सण होता आणि आपली भाद्रपद पौर्णिमा. घरी आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेले. चंद्रासाठी म्हणून शहर लोटलेच होते, त्यात १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी त्याला जोडून आली होती आणि स्पर्धांचे पाहुणे वेगळेच. हूबिन रस्त्यावर पोलीस हातात हात घालून साखळी करत आणि सिग्नल बदलला की दार उघडावे तशी ती साखळी बाजूला करत. तुटक्या पुलावर पूल दिसत नव्हता, माणसेच दिसत होती. मध्यशरदाला त्या तीन स्तंभांच्या पोकळीत दिवे लावतात आणि प्रत्येकाच्या पाच गोल खिडक्यांतून पाण्यावर छोटे चंद्र पडतात असे वाचून गेलो होतो, परंतु त्या स्तंभांजवळच्या बेटाकडे जाणाऱ्या नावेची रांग पाहूनच आम्ही परत फिरलो.

स्पष्टच सांगायचे तर त्या आठवड्यात शीहूसाठी जाऊ नये. आमचा आनंद नदीपलीकडच्या, कमळाच्या आकाराच्या स्टेडियममध्ये होता, जेथे १ तारखेला बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे याने तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले.

नागपूरचे एक वाचक, बौद्ध स्थळांच्या यात्रेत हांगझोऊला गेलेले

ऑक्टोबरच्या मध्यावर, सुट्टी ओसरल्यानंतर आम्ही गेलो आणि हांगझोऊच्या नगरपुष्पाचा, म्हणजे गुइहुआचा, हंगाम आम्हाला मिळाला. हे फूल इतके बारीक असते की झाडाखाली उभे असतानाही आधी गंध येतो आणि फूल मागाहून दिसते. सरोवराच्या दक्षिणेला मानज्युएलोंग नावाच्या गावात या झाडांखालीच टेबले मांडून चहा देतात आणि वाऱ्याची झुळूक आली की पेल्यात चार फुले पडतात. बहर दरवर्षी मागेपुढे होतो आणि जोरदार पाऊस झाला तर एका रात्रीत संपतो, त्यामुळे तारीख ठरवून जाणाऱ्याला तो मिळेलच असे नाही.

मला सांगायचे आहे ते लिंगयिन विहाराविषयी. सरोवराच्या पश्चिमेकडील डोंगरांत चौथ्या शतकात हुइली नावाच्या भारतातून आलेल्या भिक्षूने त्याची स्थापना केली, अशी परंपरा आहे. समोरची टेकडी पाहून तो म्हणाला, हा तर आमच्याकडचा गृध्रकूट, हा येथे कधी उडून आला? पटवून देण्यासाठी त्याने टेकडीच्या गुहेतील वानराला हाक मारली आणि वानर बाहेर आले, असे सांगतात. म्हणून ती फेइलाय फेंग, उडून आलेली टेकडी. गंमत अशी, की भोवतालचे डोंगर वालुकाश्माचे आहेत आणि ही एकच टेकडी चुनखडकाची, म्हणजे ती परकी दिसते हे निरीक्षण खोटे नव्हते. तिच्या कातळावर दहाव्या ते चौदाव्या शतकांतील तीनशेहून अधिक मूर्ती आहेत. सर्वांची गर्दी हसऱ्या मैत्रेयापुढे असते. मी मात्र वाटेवरच्या हुइलीच्या अस्थिस्तूपापाशी बराच वेळ थांबलो. राजगीरचा गृध्रकूट मी पाहिलेला आहे. दोन्हींत मला फारसे साम्य दिसले नाही, तरीही घरापासून इतक्या दूर आलेल्या माणसाला ते दिसले असेल, हे समजण्यासारखे आहे.

शांघायमध्ये नोकरी करणारी एक वाचक

बर्फाबद्दल लिहिणारे कमी असतील, कारण तो पडतो कमी आणि टिकतो त्याहून कमी. अंदाज आला की फोनवर निरोप फिरतात आणि पहाटेच्या गाडीने निघावे लागते. ‘तुटक्या पुलावरचा उरलेला बर्फ’ हे दृश्य असे, की पुलाच्या उन्हाकडच्या अंगाचा बर्फ आधी वितळतो, दुसऱ्या बाजूचा राहतो आणि लांबून पूल मध्येच तुटल्यासारखा दिसतो. पूल स्वतः धडधाकट आहे. मी पाहिले तेव्हा एवढे लोक त्यावरून चालत होते की बर्फ उन्हाने नव्हे, बुटांनी वितळला. त्यामुळे क्रमवारीत बर्फाला पहिला मान देणाऱ्याने तो रिकाम्या काठावर पाहिला असणार.

त्यापेक्षा फेब्रुवारीतील गूशान बेट पाहावे. सोंग काळातील लिन बू हा कवी येथे अविवाहित राहिला. प्लम ही आपली पत्नी आणि करकोचे ही मुले, असे त्याच्याविषयी म्हटले जाते. ती प्लमची झाडे थंडीत, पाने फुटण्याआधीच फुलतात. पाण्यात कमळांचे वाळलेले, मोडून वाकलेले देठ असतात आणि त्यांची प्रतिबिंबे मिळून कोनाकोनांची रेघोट्यांची नक्षी तयार होते. चित्रकलेची वही घेऊन बसलेले विद्यार्थी मला तेथेच सर्वाधिक दिसले. थंडी अंशांवरून ठरवू नका. हवा दमट असते आणि चीनच्या या दक्षिण भागात घरांना उत्तरेसारखी सार्वजनिक उष्णता पुरवत नाहीत, त्यामुळे खोलीतही कोट काढवत नाही.

धागाकर्त्याची भर

शाकाहारी जेवण आणि ज्येष्ठ नागरिक यांबद्दल दोघांनी विचारले आहे. प्रसिद्ध पदार्थ म्हणजे आंबटगोड मासा, सू दोंगपोच्या नावाचे डुकराचे मांस आणि चहाच्या पानांतील कोळंबी. त्यामुळे साध्या उपाहारगृहात अडचण येते. लिंगयिन परिसरात शाकाहारी नूडल्स मिळतात आणि काठावरच्या दुकानांत कमळकाकडीच्या सत्त्वाची गरम पाण्यात कालवलेली घट्ट, पारदर्शक खीर मिळते, जी लहान मुलेही खातात. २००२ नंतर काठाभोवतीच्या बागांची कुंपणे काढून प्रवेश विनामूल्य झालेला आहे. मनोरा, बेटे आणि नावा यांचे पैसे वेगळे पडतात. सरोवराभोवती बॅटरीवर चालणाऱ्या उघड्या गाड्या फिरतात. ज्यांना पूर्ण फेरी चालवणार नाही त्यांनी गाडीने अर्धी फेरी करून फक्त सू बांध पायी करावा, शक्यतो दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे सकाळचे ऊन डोळ्यांवर येत नाही.