मदत हवी आहे: विंडोज १० वरचा जुना डेस्कटॉप. ईएसयू (वाढीव सुरक्षा-अपडेट), विंडोज ११ की लिनक्स मिंट?

उंबराचं_फूल

घरी २०१७ मध्ये जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे. आय-५ ७४०० प्रोसेसर, एच-११० चिपसेटचा बोर्ड, डीडीआर-४ रॅमची ४ जीबीची एकच पट्टी, १ टीबी हार्ड डिस्क आणि तिचे सी, डी, ई, एफ असे चार भाग. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १० होम, आवृत्ती २२एच२. प्रिंटर कॅनन एलबीपी २९००.

त्रास दोन. बटण दाबल्यापासून ब्राउझर वापरण्याजोगा व्हायला सहा-सात मिनिटं जातात आणि तेवढा वेळ टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर असते. दुसरं म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपल्याची पाटी सारखी झळकते. पीसी हेल्थ चेक लावून पाहिलं, प्रोसेसर विंडोज ११ साठी पात्र नाही म्हणतं.

कामं साधी: नेट बँकिंग, सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये, मुलांचा अभ्यास. शिवाय श्रीलिपी या मराठी टंकन-सॉफ्टवेअरमध्ये टंकलेल्या सात-आठशे वर्ड फायली आहेत, त्या उघडता आल्याच पाहिजेत.

विचारायचं असं की, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकली तर वेग वाढेल का? विंडोज ११ जबरदस्तीने टाकावं का? की यंत्रच बदलावं?

तिठा

यंत्र बदलू नका. तुमच्या धाग्यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. संथपणा हार्ड डिस्क आणि रॅममुळे आहे. आधार संपणं हा सुरक्षेचा मामला. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

४ जीबीतला काही भाग अंगभूत ग्राफिक्स खातं. उरलेल्यात विंडोज आणि ब्राउझरचे चार टॅब मावत नाहीत, मग विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. फिरत्या डिस्कला अशी विखुरलेली वाचन-लेखनं सेकंदाला शे-सव्वाशेच जमतात, साध्या साटा एसएसडीला (न फिरणाऱ्या, चिपवरच्या डिस्कला; साटा ही बोर्डाशी जोडायची पद्धत) हजारोंनी. १०० टक्क्यांचं मूळ तिथे आहे. त्याच डिस्कवर लिनक्स टाकलंत तर थोडा फरक पडेल, पण ब्राउझर तिथेही तेवढीच रॅम मागतो.

तेव्हा आधी ५०० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घ्या आणि रॅम वाढवा. एच-११० वर रॅमच्या दोनच खाचा असतात, एक रिकामी असणार. तिथे ४ जीबीची पट्टी घातली तर ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्यांचा एकत्र वापर) मिळतं, ८ ची घातली तर एकूण १२ होतात. जमलं तर ८ च घाला. पट्टी डेस्कटॉपची, पूर्ण लांबीची हवी. लॅपटॉपची आखूड पट्टी बसत नाही, आणि सर्व्हरमधून काढलेल्या स्वस्त ‘रजिस्टर्ड’ पट्ट्या या बोर्डावर चालत नाहीत. २६६६ किंवा ३२०० लिहिलेली नवी पट्टी चालेल, फक्त ती बोर्डाच्या वेगाने धावेल.

आता सुरक्षा. विंडोज १० साठी ईएसयू ही वाढीव सुरक्षा-अपडेटची योजना आहे. घरगुती वापरासाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट या पानावर ‘एनरोल नाऊ’ दिसतं. दिसत नसेल तर बाकी सगळी अपडेट संपवा, यंत्र पुन्हा सुरू करा, मग पाहा. ॲडमिन खातं मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू केला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड्स पॉइंट किंवा एकदाच ३० डॉलर. एका खात्यावर दहा यंत्रं चालतात.

पुढचं सांगण्याआधी दोन गोष्टी तपासून इथे लिहा:

१. विंडोजचं बटण आणि आर दाबून येणाऱ्या रन चौकटीत एसएलएमजीआर, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि एक्सपीआर (सगळं रोमनमध्ये). ‘कायमस्वरूपी सक्रिय’ या अर्थाचं वाक्य आलं तर ठीक. काही महिन्यांनंतरची तारीख आली तर घरगुती यंत्राच्या बाबतीत बहुधा कुठल्यातरी ॲक्टिव्हेटरची (परवान्याशिवाय विंडोज सक्रिय करणाऱ्या साधनाची) करामत असते. तसलं साधन अनेकदा विंडोजच्या डिफेंडर या अँटीव्हायरसला स्वतःकडे दुर्लक्ष करायला लावतं. त्यावर नेट बँकिंग नकोच.

२. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट साधन चालवून ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळींतली ‘रॉ व्हॅल्यू’.

कळफलक

विंडोज ११ बद्दल. सातव्या पिढीच्या इंटेलमध्ये टीपीएम २.० ची (विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षा-चिपची) सोय असते, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘पीटीटी’ नावाने. ती चालू करता येते, सिक्युअर बूट ही सुरक्षेची दुसरी सोयही. अडतो तो फक्त प्रोसेसर, कारण अधिकृत यादी जवळजवळ आठव्या पिढीपासूनच सुरू होते.

रुफस या साधनाने विंडोज बसवायचा पेनड्राइव्ह बनवताना ही तपासणी वगळायचा पर्याय येतो आणि ११ व्यवस्थित बसतं. २४एच२ पासून प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी आणि एसएसई ४.२ या आज्ञा असाव्याच लागतात. कोअर टू डुओ त्यामुळे कायमचे बाद झाले, तुमच्या ७४०० मध्ये त्या आहेत. पण अपात्र यंत्राला अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही. व्यवहारात महिन्याची अपडेट येतात, मात्र दरवर्षीची मोठी आवृत्ती आपसूक येत नाही. ती नव्या आयएसओवरून (विंडोज बसवायच्या पूर्ण फाइलवरून), पुन्हा तपासणी चुकवून, हाताने चढवावी लागते. दरवर्षी हे करायची तयारी असेल तर चालेल. घरात दुसरं कुणी यंत्र सांभाळणार असेल तर माझं मत ‘नको’.

नाक्यावरचा_चहा

लिनक्सवाला येणारच होता, आलो.

मिंट २२ मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे, आधार एप्रिल २०२९ पर्यंत. ८ जीबी आणि एसएसडीवर सिनॅमन आवृत्ती झकास चालते. ४ जीबीच ठेवणार असाल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या.

पण तुमच्या यादीत अडचण आहे ती प्रिंटरची. एलबीपी २९०० ला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या नेहमीच्या भाषा समजत नाहीत, तो कॅनॉनच्या ‘कॅप्ट’ नावाच्या खासगी भाषेत बोलतो. कॅप्टचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे, ३२ बिटच्या फायली मागतो आणि नव्या आवृत्त्यांवर त्याची सेवा मधेच बंद पडते. पोरांच्या प्रकल्पाच्या आदल्या रात्री हे निस्तरत बसायला लागू नये. विंडोज १० चा ६४ बिट ड्रायव्हर मात्र चालतो. पुढे कधी प्रिंटर बदललात तर खोक्यावर ‘एअरप्रिंट’ लिहिलंय का ते बघा. तसा प्रिंटर लिनक्सवर बहुतेक वेळा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो.

म्हणून माझा सल्ला: विंडोज राहू द्या, मिंट शेजारी बसवा. आधी पेनड्राइव्हवरून न बसवताच चालवून पाहा, वायफाय, आवाज, स्कॅनर सगळं तपासा. शेजारी बसवताना तीन ठिकाणी लोक अडकतात:

विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धी झोपते. मग मिंटला विंडोजचे भाग नुसते वाचता येतात, लिहिता येत नाहीत.

दोन्ही प्रणाली यूईएफआय या नव्या बूट पद्धतीनेच बसवा. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, ज्याच्या आधी ‘यूईएफआय’ लिहिलंय तो निवडा. एक जुन्या पद्धतीने आणि दुसरी नव्या पद्धतीने बसली तर सुरुवातीच्या यादीत दोन्ही एकत्र दिसत नाहीत.

घड्याळ साडेपाच तासांनी हलेल. घाबरू नका. बोर्डावरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स जागतिक वेळ. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ ही आज्ञा एकदा द्या, अर्थात रोमनमध्ये, लहान अक्षरांत.

ऱ्हस्वदीर्घ

श्रीलिपीबद्दल कुणीच बोललं नाही, आणि खरं जोखमीचं तेच आहे.

श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांच्या जुन्या फायलींमध्ये मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेले असतात रोमन अक्षरांचे आकडे, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी चित्रं दाखवतो. फॉन्ट गेला की समोर रोमन अक्षरांची खिचडी. त्यामुळे जुनी विंडोज पुसण्याआधी:

सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समधून श्रीलिपीचे सगळे टीटीएफ बाहेर काढून ठेवा. ते मिंटवरही बसतात आणि लिब्रेऑफिसमध्ये जुन्या फायली दिसतात. टंकायचं सॉफ्टवेअर मात्र विंडोजपुरतंच, डोंगल (परवान्याची किल्ली) असेल तर तोही जपा.

महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ त्याच यंत्रावर, फॉन्ट असतानाच करून घ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आत शिरतो, पुढे कुठेही उघडा.

युनिकोडमध्ये (खास फॉन्टशिवाय दिसणाऱ्या मराठीत) रूपांतर सगळ्यांचं करू नका, ज्यांत पुन्हा बदल करायचेत त्यांचंच करा. रूपांतरकाला नेमका फॉन्ट सांगावा लागतो, कारण श्रीलिपीच्या वेगवेगळ्या मालिकांची मांडणी वेगळी असते. नंतर रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्य’ हाताने तपासा, तिथेच माती होते. हिशेबाचे आकडे तर दोनदा.

नवं टंकन इनस्क्रिप्ट या प्रमाण देवनागरी कळफलकाने करा. विंडोज आणि मिंट दोन्हीकडे कळफलक सारखा, हाताला नवं वळण लावायला नको. ‘दुसऱ्या’तला ऱ्या हवा असेल तर शिफ्ट-जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ, मग काना. आणखी एक, मिंटवर मंगल फॉन्ट नसतो. लिब्रेऑफिस त्याऐवजी दुसरा देवनागरी फॉन्ट वापरतं, त्यामुळे पानं थोडी सरकतात.

उंबराचं_फूल

सर्वांचे आभार. तपासलं. विंडोज कायमस्वरूपी सक्रिय आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा ‘कॉशन’ दाखवतंय: ०५ शून्य, सी५ मध्ये २४, सी६ मध्ये २४, सी७ मध्ये ३. रॉ व्हॅल्यू दशमान करून घेतलीय. महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये कॉपी करून ठेवलंय, म्हणजे तूर्त काळजी नाही ना? आणि आहे त्या डिस्कची भागांची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीवरून नव्या जीपीटीवर नेऊन ती तशीच एसएसडीवर क्लोन (हुबेहूब नक्कल) केली तर?

तिठा

काळजी आहे. डी ड्राइव्ह म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा कप्पा. चकती गेली की सी, डी, ई, एफ चौघंही एकदम जातात. बाहेरची डिस्क आणा आणि कॉपी आजच करा.

सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले, निकाल न लागलेले सेक्टर. सी७ म्हणजे केबलमधल्या चुका, ३ हा आकडा वाढत नसेल तर सोडून द्या, वाढत असेल तर साटा केबल बदला. सी५ असताना चेकडिस्क आणि डीफ्रॅग ही विंडोजची डिस्क तपासायची-आवरायची साधनं अजिबात चालवू नका, दोन्ही आजारी डिस्कला तासन्‌तास पळवतात. आधी फोटो, हिशेब आणि श्रीलिपीचं फोल्डर. गाणी-सिनेमे शेवटी. एखादी फाइल अडली तर तिच्या मागे लागू नका, पुढे चला. अडलेल्यांसाठी मिंटच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे साधन चालवा. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब जागी नंतर परततं. प्रगतीची नोंद ठेवणारी मॅप फाइल द्यायला विसरू नका, म्हणजे मधेच वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथून सुरू होतं.

क्लोन नको. आजारी डिस्कचं क्लोनिंग खराब सेक्टरवर अडतं. शिवाय विंडोजचं एमबीआर-टू-जीपीटी साधन लॉजिकल (म्हणजे एक्स्टेंडेड भागाच्या आतले) भाग असले की नकार देतं, आणि सी-डी-ई-एफ अशा वाटणीत एक्स्टेंडेड भाग असतोच. आपल्याकडे दुकानदारांनी वर्षानुवर्षं हीच वाटणी करून दिलीय, का ते देव जाणे. एसएसडीवर २२एच२ कोरीच बसवा. परवाना त्या बोर्डाला जोडलेला आहे, तीच होम आवृत्ती टाकली की इंटरनेट लागल्यावर आपोआप सक्रिय होईल. प्रॉडक्ट की विचारली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’. मीडिया क्रिएशन टूलला किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो.

विंडोजला १५० जीबी, मिंटसाठी ६० जीबी नुसती मोकळी सोडा, बाकीचा माहितीसाठी एकच भाग.

सीआर२०३२

माझं नाव बघून ओळखलंच असेल. २०१७ च्या बोर्डावरचा बटणसेल एव्हाना संपत आला असणार. सेल गेला की वीज गेल्यावर बायोस मूळपदावर येतं. काही बोर्डांवर पीटीटी बंद होतं, जुनी बूट पद्धत परत येते आणि स्क्रीनवर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’. लोक एसएसडी मेली समजून दुकानात धावतात. तारीखही मागे जाते आणि बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवते, कारण प्रमाणपत्राच्या तारखा जुळत नाहीत. खोकं उघडणारच आहात तर सीआर२०३२ नवा घाला, लिहिलेली बाजू वर. घालण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

एसएसडीच्या खोक्यात साटा केबल बहुधा नसते, वेगळी मागून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. डीव्हीडी ड्राइव्ह वापरत नसाल तर त्याचीच केबल काढून लावा, फुकटात काम.

उंबराचं_फूल

वाचनखूण साठवली. ठरलं असं: आज बाहेरच्या डिस्कवर कॉपी आणि पीडीएफ. शनिवारी एसएसडी, ८ जीबीची पट्टी, सेल. मग कोरी विंडोज १०, सगळी अपडेट, ईएसयू. मिंट महिनाभर पेनड्राइव्हवरून बघून मग. जुनी डिस्क विंडोज बसवताना आतच जोडलेली ठेवली तर चालेल ना?

तिठा

नाही, तिची साटा केबल काढूनच बसवा. दोन डिस्क दिसल्या तर विंडोजचं इन्स्टॉलर कधीकधी बूटचा छोटा भाग जुन्या डिस्कवर टाकतं आणि बाकी विंडोज नव्यावर. सगळं सुरळीत चालतं, आणि वर्षभराने जुनी डिस्क काढली की यंत्र सुरूच होत नाही. केबल काढण्याआधी यंत्र बंद, भिंतीवरचं बटणही बंद.