सिअ‍ॅटल एकट्या डेनीचं नाही
अमेरिकेतलं सिअ‍ॅटल शहर वसवण्याचं सगळं श्रेय आर्थर डेनीला देणं मला पटत नाही. १३ नोव्हेंबर १८५१ ला डेनी आणि त्याच्यासोबतची वसाहतकरी मंडळी अल्काय पॉइंट या किनाऱ्यावर उतरली खरी, पण तिथे पाणी उथळ आणि वाऱ्याला आडोसा नाही. मग कपडे वाळत घालायच्या दोरीला घोड्याचे नाल बांधून डेनीने लगतच्या एलियट उपसागराची खोली मोजली आणि १८५२ मध्ये पूर्वेचा किनारा धरला. इथवर मान त्याचाच.

पण गावाला दुवामिश-सुक्वामिश या मूलनिवासी जमातींचा प्रमुख सिअ‍ॅटल याचं नाव देण्यासाठी आग्रह धरला तो दुसऱ्या एका वसाहतकऱ्याने, डॉ. मेनार्डने. हेन्री येस्लरच्या वाफेवरच्या सॉ मिलसाठी (लाकूड कापायच्या गिरणीसाठी) मेनार्डने आणि डेनीचा साथीदार बोरेनने आपापल्या जमिनींच्या हद्दी सरकवल्या. १८५३ च्या आखणीत डेनी-बोरेनने रस्ते किनाऱ्याला धरून काढले, मेनार्डने होकायंत्राप्रमाणे उत्तर-दक्षिण. म्हणून येस्लर वे या रस्त्यापाशी दोन्हीकडचे रस्ते आजही तिरके मिळतात.