वैनगंगेच्या काठाने खाली, इंद्रावतीच्या काठाने वर : गडचिरोली-बस्तरच्या सावकाश प्रवासासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी.

आम्ही दोघे पती-पत्नी दादरला राहतो. नोकऱ्यांतून आता मोकळे झालो आहोत आणि महाराष्ट्र, तेलंगणा व छत्तीसगड यांच्या सीमा जिथे एकमेकींना मिळतात त्या जंगलपट्ट्यात तीनएक आठवडे सावकाश फिरावे, असा विचार आहे. सुरुवातीला एका सहल कंपनीकडे चौकशी केली. त्यांनी ताडोब्यातल्या सफारी, एक दिवस हेमलकसा आणि शेवटच्या संध्याकाळी ‘आदिवासी नृत्य व भोजन’ असा कार्यक्रम हाती ठेवला. आम्हांला वाघाचे वावडे नाही, परंतु त्याच्यामागे धावत जिप्सीची धूळ खाण्याचा आता उत्साह उरलेला नाही; आणि आमच्या जेवणाच्या वेळी कोणाला नाचायला लावण्याची कल्पना तर मुळीच रुचली नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

नकाशा घेऊन बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की हा सगळा मुलूख नद्यांनीच बांधलेला आहे. वडसा, आरमोरी, मार्कंडा या बाजूने वैनगंगा दक्षिणेकडे उतरते, चपराळ्याच्या अभयारण्याजवळ तिला वर्धा मिळते आणि तिथून पुढे ती प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, आणि थोड्याच अंतरावर सोमनूरला इंद्रावतीही गोदावरीला येऊन मिळते. ही इंद्रावती उलट दिशेने धरली, तर भामरागडच्या बाजूने आणि बारसूरवरून चित्रकोटचा धबधबा व जगदलपूर गाठता येते. तेव्हा वैनगंगेच्या काठाने खाली उतरायचे आणि इंद्रावतीच्या काठाने वर चढायचे, असा आराखडा मनात आहे. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेसने गोंदिया, तिथून बल्लारशाच्या मार्गावरील गाडीने वडसा, आणि परतताना जगदलपूरहून रस्त्याने रायपूर व तिथून गीतांजली, एवढे रेल्वेचे जमवले आहे. मधला सगळा प्रवास शक्यतो एसटीने व स्थानिक बसने करायचा आहे. अडते आहे ते पुढच्या बाबींवर.

पहिली अडचण हंगामाची आहे. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्यातली, नाटके दिवाळीनंतर सुरू होतात आणि होळीच्या आसपास ओसरू लागतात. वडशाला नाटक मंडळ्यांची कार्यालये रांगेने थाटलेली असतात आणि रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, हे वाचून माझ्या यजमानांनी तर बाकी काही झाले नाही तरी चालेल, पण एक रात्र मंडपात काढायचीच, असे ठरवून टाकले आहे. (शिवाजी मंदिरला साडेआठच्या प्रयोगातही त्यांना डुलकी लागते, हे इथे नोंदवून ठेवते.) मला मात्र मोहफुले वेचताना पाहायची आहेत, आणि ती मार्च-एप्रिलमध्ये गळतात. मार्कंड्याची जत्रा महाशिवरात्रीची. पक्ष्यांसाठी थंडी चांगली. या सगळ्यांतून कोणता काळ निवडावा?

दुसरी बाब कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, आणि खरे सांगायचे तर माझ्यापुरता हाच या प्रवासाचा गाभा आहे. मुंबईत भरणाऱ्या हातमाग प्रदर्शनांत विदर्भातील करवती काठाच्या कोसा साड्या मी बरीच वर्षे पाहत आले आहे. त्यांच्या काठाला करवतीसारखे दाते असतात, आणि ते छापून किंवा भरतकामाने येत नाहीत: काठांसाठी व अंगासाठी वेगवेगळे धोटे चालवून, काठाचा आणि अंगाचा बाणा (आडवा धागा) एकमेकांत अडकवत विणकर ते दाते विणतो. त्यामुळे खऱ्या करवतीत दात्याच्या टोकाशी दोन्ही रंगांचे धागे एकमेकांना धरून बसलेले बोटाला जाणवतात. माझी इच्छा अशी आहे की या धाग्याचा प्रवास उलटा पाहावा: मागावरची साडी, त्याआधी कोशातून सूत काढणाऱ्या स्त्रिया आणि त्याही आधी ऐन व अर्जुनाच्या झाडांवर अळ्या राखणारी ढिवर समाजाची कुटुंबे. पक्षी आणि मुंग्या यांच्यापासून अळ्यांना वाचवण्यासाठी ही माणसे जंगलात मुक्काम करून राहतात, असे वाचले आहे. यासाठी आरमोरीला राहावे, नागभीडला राहावे, की आधी भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव-मोहाडीकडे वाकडी वाट करावी, हे कळत नाही. कोंडागावच्या ढोकरा कारागिरांकडेही जायचे आहे. तिथे मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळून घडवलेली मूर्ती पुन्हा मातीने लिंपतात, भट्टीत मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत ओतलेले पितळ थंड झाले की साचा फोडतात. म्हणून एका साच्यातून एकच वस्तू निघते. हे काम दुकानात उभे राहून कळण्यासारखे नाही. एखादा पूर्ण दिवस कारागिराच्या अंगणात बसू देण्याची पद्धत तिथे आहे का, आणि त्याचा मोबदला कसा द्यावा?

जेवणाविषयी विचारायचे तर, आम्ही मासे खातो, मटणही खातो आणि तिखटाला घाबरत नाही. परंतु रस्त्यावरच्या हॉटेलांत पनीर आणि तंदुरी रोटीपलीकडे काही मिळत नाही, असा इतरत्रचा अनुभव आहे. लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, मामा (माजी मालगुजारी) तलावांतले मासे, बस्तरच्या बाजारातली लाल मुंग्यांची चापडा चटणी ही नावे कागदावर उतरवून ठेवली आहेत; हे पदार्थ ताटात कुठे येतील, ते सांगा.

शेवटचा प्रश्न थोडा संकोचाने विचारते. माडिया आदिवासींच्या गावांत आपण कोणत्या नात्याने जायचे? गोटुलविषयी (गावातल्या तरुण-तरुणींच्या एकत्र जमण्याच्या घराविषयी) शहरी माणसांनी पूर्वी फार चवीने लिहिले आहे, आणि त्या रांगेत जाऊन बसण्याची इच्छा नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तिथले निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतात, हे ठाऊक आहे आणि ते समजून घेण्याची मनापासून इच्छा आहे. मात्र केवळ पाहुणे म्हणून जाऊन लोकांच्या कामाचा दिवस मोडणे योग्य होईल का?

या भागातील किंवा तिकडे राहून आलेल्या मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे. काही ठिकाणे गाळावी लागली तरी चालेल. उलट काय गाळावे, हेच मुख्यतः जाणून घ्यायचे आहे.

— दादरवासी

*

प्रतिसाद : वैनगंगाकाठ

ताई, नमस्कार. माझे गाव आरमोरी तालुक्यात आहे, नोकरीमुळे सध्या ठाण्यात असतो. आपला नदीचा आराखडा उत्तम आहे. त्यात ताडोबा घुसवू नका. ताडोबा हे 1955 पासूनचे राष्ट्रीय उद्यान असले आणि आमचा त्याबद्दल अभिमान असला तरी ते आपल्या वाटेच्या पश्चिमेला आहे आणि आगाऊ आरक्षण, ठरलेले प्रवेशद्वार, मंगळवारची सुट्टी या सगळ्यांमुळे आपला वेग तेच ठरवील. ते पुढच्या खेपेला ठेवा.

हंगामाचे म्हणाल तर फेब्रुवारीच्या उत्तरार्धात निघून मार्चच्या मध्यापर्यंत फिरावे. नाटके मिळतील आणि बस्तरात पोहोचेपर्यंत मोहाला सुरुवात होत असेल. कोशाच्या अळ्या मात्र झाडावर दिसणार नाहीत, कारण ते पीक पावसाळा ते हिवाळा या काळातले. आपल्याला सूत काढणे आणि विणकाम पाहण्यावर समाधान मानावे लागेल. आंधळगावची वाकडी वाट अवश्य करा. गोंदियाला उतरणारच आहात, तर भंडारा जिल्हा आधी उरकून घ्या आणि वाटेत नवेगावबांधला थांबा. तो तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. आमच्याकडची तलावांची सगळी परंपराच कोहळी समाजाची आहे, आणि गोंदियाच्या याच तलावांच्या व भातखाचरांच्या आधाराने महाराष्ट्रातले सारस टिकून आहेत. आपल्या यजमानांनी दुर्बीण तिथे वापरावी.

मोहफुले वेचायला लोक पहाटे अंधारातच निघतात. आपल्याला जायचे असेल तर गावातल्या ओळखीच्या कुटुंबासोबतच जा, एकट्याने झाडाखाली जाऊन उभे राहू नका. याच दिवसांत आणि याच वेळी वाघ-अस्वलांची गाठ पडते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, म्हणून मोहाची चव लाडवांतूनच घ्यावी.

मार्कंड्याला जत्रेच्या दिवशी जाऊ नका. देवळांच्या भिंतींवरील शिल्पे पाहायची असतील तर आधीच्या आठवड्यातली एखादी सकाळ धरा. नदी तिथे उत्तरेकडे वळलेली दिसते, तेही गर्दी नसताना नीट कळते. त्यानंतरचा मुक्काम आलापल्लीला करावा. तेथील ‘वनवैभव’ हा जुन्या सागांचा सुमारे सहा हेक्टरचा राखलेला तुकडा 2014 साली जैवविविधता वारसा स्थळ घोषित झाला. कमलापूरचा हत्ती कॅम्प त्याच बाजूला आहे. पूर्वी जंगलातले लाकूड ओढण्याचे काम हत्तींकडे असे. भामरागड आणि हेमलकसा तिथूनच करा. लोकबिरादरी प्रकल्प 1973 पासून चालू आहे, तो शाळा-दवाखान्याचा प्रकल्प आहे, त्यामुळे आधी कळवून जावे. सिरोंच्याला वडधमचे जीवाश्म उद्यान आहे. याच तालुक्यातल्या पोचमपल्ली गावाजवळ सापडलेल्या हाडांवरून बारापासॉरस हा डायनासोर जगाला कळला, आणि त्याचा सांगाडा आता कोलकात्याला उभा आहे. सिरोंच्यात बाजारात तेलुगू ऐकू येईल. गोदावरीच्या पलीकडे तेलंगणातील काळेश्वरचे मंदिर आहे, एकाच शाळुंकेवर दोन लिंगे असलेले.

जेवणाचा नियम सोपा आहे: हॉटेलात मागू नका, सकाळी सांगून ठेवा. गावातल्या बचत गटाच्या महिला किंवा लहान खानावळवाले आदल्या दिवशी सांगितले तर लाखोळी, अंबाडी, मासे, चिन्नोर तांदळाचा भात सगळे करून देतात. वास्ते आणि सात्या यांची आशा धरू नका. बांबूचे कोंब व रानअळंबी या पावसाळ्यातल्या गोष्टी आहेत. चापडा बस्तरच्या आठवडी बाजारात पानाच्या द्रोणात मिळते. आंबट असते, भातासोबत खावी.

माडिया गावांविषयी आपण विचारलेत हेच बरे झाले. मेंढा-लेखाला अभ्यासाला येणारे लोक असतात. ग्रामसभेला अगोदर निरोप द्या, ते सांगतील त्या दिवशी जा आणि बैठकीत बसलात तर मध्ये बोलू नका. इतर गावांत गोटुलात पाऊल टाकण्यापूर्वी गावातल्या मोठ्या माणसाला विचारावे, फोटो विचारल्याशिवाय काढू नये, आणि लहान मुलांना चॉकलेटे वाटत सुटू नये. कोंडागावला दिवसभर बसायचे असेल तर सरळ त्या दिवसाची मजुरी ठरवून द्या आणि वर एखादी वस्तू भाव न पाडता घ्या. मच्छरदाणी सोबत ठेवाच, कारण राज्यातील हिवतापाचा मोठा वाटा आमच्या जिल्ह्याचा आहे. संध्याकाळनंतर जंगलातल्या रस्त्यांवर प्रवास टाळा.

एक बारीकशी सूचना: दंतेवाड्याला दंतेश्वरीच्या गाभाऱ्याकडे पुरुषांना पँट घालून सोडत नाहीत, तेव्हा यजमानांसाठी धोतर किंवा लुंगी पिशवीत वरच ठेवा.

*

दादरवासी

दादा, मनापासून आभार. ताडोबा गाळले. भंडारा, नवेगावबांध, आरमोरी, आलापल्ली, सिरोंचा आणि जगदलपूर असे मुक्काम धरते, आणि मधल्या दिवसांत मुद्दाम काही ठरवत नाही. अळ्या पाहता येणार नाहीत याची थोडी हुरहुर आहे, पण त्यासाठी पुढे एखाद्या ऑक्टोबरात आरमोरीलाच येईन. तेव्हा आपल्या गावी कोणाला भेटावे ते विचारीन.

आता एवढेच राहिले: सिरोंच्याहून इंद्रावतीचा पूल ओलांडून भोपालपट्टनमकडे थेट बस मिळते, की पुलापर्यंत एका गाडीने आणि पलीकडे दुसऱ्या गाडीने जावे लागते? एसटीतली महिलांची निम्म्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असणार, तो मुद्दा नाही. मुद्दा सामानाचा आणि उन्हाचा आहे. तसेच भोपालपट्टनम ते बिजापूर आणि पुढे गीदम हा टप्पा एका दिवसात आरामात होतो, की बिजापूरला रात्र काढलेली बरी? हल्लीच त्या रस्त्याने गेलेल्या कोणी सांगितले तर जगदलपूरच्या खोलीची तारीख पक्की करता येईल.