नौपाड्यातला गिर्यारोहण संग्रह: जपायचा की वाटून टाकायचा?

येऊरवासी:
नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमच्या गिर्यारोहण संस्थेचं छोटं संग्रहालय आहे. दोन खोल्या. अंबाडीचे दोर, कातळाच्या फटीत ठोकायला लोहाराकडून घडवून घेतलेल्या मेखा, हातोडे, स्लाइड्सची खोकी आणि चढाईच्या नोंदवह्या. इमारत आता पुनर्विकासाला गेली आहे. दिवाळीपर्यंत जागा सोडायची आहे आणि नवी जागा घ्यायची तर बाजारभावाने भाडं पडेल. कार्यकारिणीतल्या बऱ्याच जणांचं म्हणणं आहे की वस्तू वाटून टाकाव्यात. रविवारी सकाळी आम्ही दार उघडतो, कधी कधी एकही माणूस फिरकत नाही, हेही खरं. तरी माझा बंद करायला विरोध आहे.

एव्हरेस्ट सर झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि तिथे चांगलं संग्रहालय आहे. नेपाळमध्ये पोखऱ्याला २००४ पासून आंतरराष्ट्रीय पर्वत संग्रहालय आहे. तिथे हिमालय बघायला मिळतो. माहुलीचा वजीर, तैलबैल्याची भिंत, जीवधनशेजारची वानरलिंगी, या कड्यासुळक्यांवर आपल्या माणसांनी काय केलं, ते कुठे बघायचं? सह्याद्रीचा कातळ लाव्ह्याच्या थरांचा, दोन थरांमध्ये लाल मातीचा ठिसूळ पट्टा. आल्प्सची पुस्तकं वाचून इथे चढता येत नव्हतं. ठोकल्यावर पोकळ आवाज कुठे येतो, मेख कुठे धरते, कुठल्या टप्प्यावर बिले द्यायला (चढणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळायला) उभं राहायचीही जागा नाही, हे सगळं त्या वह्यांत पेन्सिलीने काढलेल्या आकृत्यांसकट आहे. माझ्या मते संग्रहातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच.

कातळवेडा (बेलापूर):
दादा, तळमळ समजते. पण पैसे मोजकेच असतील तर ते जिवंत चढणाऱ्यांवर खर्च व्हावेत. २०१६ आणि २०१७ मध्ये वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीच्या भिंतीवर चढण्याचा, विश्वचषक झाला. टोकियोपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. आमच्या कातळावर येणाऱ्या पोरांना बूट परवडत नाहीत, एक जोडी तिघांत फिरते. सुळक्यांवर दोर अडकवायला कातळात भोक पाडून बसवलेले जुने बोल्ट गंजलेत, त्यांच्यावर आजही लोक वजन टाकतात. वर्षभराच्या भाड्यात किती बोल्ट बदलून होतील? इर्शाळवाडीला जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली तेव्हा वर गाडीरस्ता नव्हता, मशिन नेता येत नव्हती. मदतीला धावलेल्यांत ट्रेकर मंडळी होती. त्यांना दोर, स्ट्रेचर, प्रशिक्षण हवं. मेखा काचेत ठेवून यातलं काय होणार?

जुना बिलेअर:
कातळवेडा, बोल्ट बदलायचा तर तो कुठल्या साली, किती खोल, कुठल्या जातीचा मारला होता हे तू कोणाला विचारणार? मारणारे काही आज हयात नाहीत. ते त्या वह्यांत आहे.

आणि मेख काचेत ठेवून काय होतं म्हणालास म्हणून सांगतो. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटच्या संग्रहालयात १८६५ च्या मॅटरहॉर्न शिखरावरच्या अपघातातला तुटलेला दोर आहे. पहिल्या यशस्वी चढाईनंतर उतरताना सातांपैकी चौघे गेले. तुटला तो त्यांच्याकडच्या दोरांतला सगळ्यात कमकुवत, जुना दोर होता. करंगळीएवढ्या जाडीचा तो तुकडा बघितलेला मुलगा चढाईआधी स्वतःचा दोर हाताखालून घालून तपासतो. मी शिबिरांत शिकवत आलोय, तोंडी सांगून हे पोचत नाही.

मुग्धा_नेरुळ:
मी वस्तू-जतनाच्या क्षेत्रात काम करते. थोडं कडू बोलते. येऊरवासी, तुम्ही ज्याला जपणं म्हणताय त्यात वस्तू रोज मरतायत. ठाण्याच्या पावसाळ्यात तळमजल्यावरची खोली म्हणजे बुरशीला आमंत्रण. अंबाडीचा दोर ओल धरतो, आतून कुजतो आणि वरून धडधाकट दिसतो. नायलॉन उन्हाने जातो, म्हणजे खिडकीजवळ टांगलेला दोर आधीच संपलाय. स्लाइड्सच्या खोक्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतोय का ते आजच बघा. येत असेल तर फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया (प्लास्टिकचा थर) खराब व्हायला लागलाय आणि ती खोकी शेजारच्या खोक्यांनाही बिघडवतात. ती ताबडतोब वेगळी काढा. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांवर चार महिन्यांचा पाऊस निघत नाही. आर्द्रता सांभाळता येत नसेल तर सांभाळू शकणाऱ्या मोठ्या संस्थेला संग्रह सोपवणं हाच प्रामाणिक मार्ग.

येऊरवासी:
ताई, एका खोक्याला तसा वास आहे. आज संध्याकाळीच वेगळं काढतो. पण मोठ्या संस्थेबद्दल माझी भीती वेगळी आहे. त्यांच्याकडे लोहाराची मेख ही क्रमांक घातलेली लोखंडी वस्तू होते, गोदामात जाते. ती कोणी, कुठल्या फटीत, कशासाठी वाकवली हे सांगणारी माणसं इथे आहेत, ठाणे-डोंबिवली-मुलुंडमध्ये, आणि तीही म्हातारी झालीत. वस्तू त्यांच्यापासून तोडली की अर्धी गेली.

मुरबाडचा वाटाड्या:
एक विचारू का? त्या वह्यांत आमच्या आजोबा-पणजोबांची नावं आहेत का? मी जेवढं वाचलंय त्यात ‘स्थानिक वाटाड्या बरोबर होता’ एवढंच असतं. सुळक्याच्या खांद्यापर्यंतची वाट ठाकरांनी, महादेव कोळ्यांनी दाखवली. मधाच्या पोळ्यांसाठी कड्यावर वेलीच्या दोराने उतरणारी माणसं तुमच्या मेखांच्या आधीपासून आहेत. हिमालयन क्लबने १९३० च्या दशकाच्या अखेरीस शेर्पांना ‘टायगर’ हा सन्मानाचा बिल्ला द्यायला सुरुवात केली, तेनझिंगनाही तो मिळाला. आमच्यासाठी असं काही झालं नाही. संग्रह टिकवायचाच असेल तर तो नौपाड्यात कशाला? आसनगावला माहुलीच्या पायथ्याशी न्या. शनिवार-रविवारी ट्रेकर तिथे आपणहून येतात, आणि सांभाळायला आमची पोरं आहेत.

जुना बिलेअर:
पहिल्या मुद्द्याला उत्तर नाही, तो खराच आहे. हयात असलेल्यांना एकत्र बसवून ती नावं लिहून घ्यायला हवीत, आणि वाटाड्यांच्या गावांत जाऊन. मात्र माहुलीचा पाऊस ठाण्यापेक्षा कमी नाही, मुग्धाताई काय म्हणतील ते विचारा.

हिशेबनीस:
भावना बाजूला ठेवून पैशाचं बघू. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली पात्र कंपन्यांना नफ्याच्या सरासरीच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. सातव्या परिशिष्टात वारसा जतनही बसतं आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षणही. ‘भाडं द्या’ म्हणून गेलात तर कोणी दारात उभं करणार नाही. चढाईची भिंत, बचाव प्रशिक्षण आणि त्याच छताखाली संग्रह असा एकच प्रस्ताव घेऊन जा. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या गोल्डन इथलं पर्वतारोहण संग्रहालय २००८ मध्ये उघडलं, ते तिथल्या गिर्यारोहण संस्थांची कार्यालयं असलेल्या इमारतीतच आहे. एकट्याने संग्रहालय उभं करणं मेस्नरसारख्या जगप्रसिद्ध गिर्यारोहकाला जमलं, त्याच्याकडे किल्ले आहेत आणि आल्प्सचे पर्यटक आहेत. आणि ठाण्याला हे जमत नाही असं म्हणू नका, मराठी ग्रंथ संग्रहालय इथे १८९३ पासून चालू आहे.

वाटून टाकण्याबद्दल: वस्तू ज्या घरांनी दिल्या त्यांनी संस्थेला दिल्या, सभासदांना नाही. त्यांना आधी लेखी विचारा. सार्वजनिक न्यासाची मालमत्ता अशी घरोघर नेता येत नाही.

येऊरवासी:
हा प्रस्ताव मी सभेत मांडतो. त्याआधी वह्या आणि स्लाइड्स स्कॅन करायच्या आहेत, आंबट वासाच्या खोक्यापासून सुरुवात. फिल्म स्कॅनर कोणाकडे आहे का? मुरबाडकर, वह्या वाचायला तुम्ही आणि तुमच्याकडची जाणती माणसं आलात तर कुठल्या चढाईला कोण होतं ते समासात लिहिता येईल. येण्याजाण्याचा खर्च संस्था करेल.

मुग्धा_नेरुळ:
स्कॅनर मिळेल. मूळ वह्यांना टेप किंवा लॅमिनेशन लावू नका, हात स्वच्छ कोरडे ठेवा. समासात लिहू नका, वेगळ्या कागदावर लिहा.

मुरबाडचा वाटाड्या:
येतो. भाताची कापणी झाल्यावर.

कातळवेडा (बेलापूर):
स्कॅनिंगला मीही येतो, बोल्टांच्या नोंदी मला हव्याच आहेत. भिंत आणि संग्रह एकत्र होणार असेल तर बोलू. नुसत्या भाड्याचा ठराव आला तर मात्र माझं मत विरोधात जाईल, आणि ते मी सभेत उभं राहून सांगेन.