शॅमेलिऑन हात लावू देत नाही, तोंड वासून अंगावर येतो, काय करू?

देवगडचा_पोरगा
मंडळी मदत करा. माझ्याकडे वेल्ड शॅमेलिऑन आहे, म्हणजे रंग बदलणारा परदेशी सरडा, नर, दीड वर्षाचा. मित्र पुण्याला शिफ्ट झाला तेव्हा मला देऊन गेला, त्याला दोन महिने झाले. दार उघडलं की फुगतो, काळपट पडतो, फुस्स करतो, परवा तर अंगठ्याला असा चावला की रक्तच आलं. सवय व्हावी म्हणून मी रोज अर्धा तास हातात घेतो, म्हणजे बाहेर ओढूनच काढावा लागतो. पिंजरा बंद काचेच्या खिडकीला लावून ठेवलाय, ऊन मिळतं आणि खाली अंगणात आई सुकट घालते ती बघत बसतो. आजी म्हणते सोड त्याला आंब्याच्या कलमात.

मालवणी_गजाली
अरे झिला, हात वरसून घालतस काय? झाडारच्या जनावराक वरसून येता ती घार नायतर कावळो, मगे तो चावतलोच. हात खालसून ने, फांदीसारखो धरून ऱ्हव. चढलो तर चढलो, नाय तर नाय. आणि सुकटीर कावळे येतत ना रे? तुझो सरडो दिवसभर तेच बघता!

सरडेवाली_रत्नागिरी
कावळ्यांचं एकदम बरोबर. पिंजरा आजच हलव. तसंही काचेतून यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, जवळजवळ येतच नाहीत, त्याची वेगळी ट्यूब लागते.
आणि दादा, ते रोजचं ओढून काढणं बंद कर. हा कुत्रा नाही लाड करून घ्यायला, फार तर तुला सहन करेल, तेवढं झालं तरी जिंकलास. आठवडाभर फक्त पाणी फवार, खाणं दे, बाजूला हो. मग लांब चिमट्याने एकेक किडा पुढे धर, डोळ्यात डोळे घालून बघू नको. हिरवा राहिला तर थांब, काळा पडायला लागला की दार लाव, उद्या बघू. चावला तर हिसका देऊ नको, दात त्याचेच जायचे. शेपटीला तर हातच नको, पालीसारखी परत येत नाही ती.
कलमातले नाकतोडे मात्र घालू नको हं, मोहोरावर फवारणी चालू असते.
दिवसासुद्धा डोळे मिटून बसला तर सरळ डॉक्टर गाठ.

जंगलखाते_प्रेमी
आजीला सांग सोडायचा नाही, तो येमेन, सौदीकडचा प्राणी आहे. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी आहे का बघ, विदेशी प्राण्यांसाठी २०२४ पासून लागते. आणि आपल्या रानातला असेल तर तो पाळताच येत नाही, वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन कर.

देवगडचा_पोरगा
नाही नाही, वेल्डच आहे, डोक्यावर उंच तुरा आहे. नोंदणीचं मित्राला विचारतो.
तीन आठवड्यांनी अपडेट: पिंजरा माजघरात आणला, मागे भिंत, पुढे जास्वंदीची कुंडी. फुस्स अजून करतो, पण काल चिमट्यातला किडा जिभेने खेचला आणि नंतर एक पाय माझ्या बोटावर ठेवला. एकच. मग काढून घेतला. आई मागून म्हणाली, हलू नको मेल्या.

मालवणी_गजाली
आवशीचा आयक.